रानडुकरे मोजली कोणी?

मालवण तालुक्यातील काही शिक्षकांशी आम्ही अन्नसाखळी या घटकावर बोलत होतो. फळ्यावर गवत, हरीण, वाघ अशी नेहमीची साखळी काढून झाली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी विचारले, "सर, डुकरां वाढली म्हणान सगळे सांगतत. पण ती मोजल्यान कोणी?" हशा पिकला. आम्हीही हसलो. मग ध्यानात आले, की आमच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही. वन्यप्राण्यांविषयीच्या शासकीय धोरणाचे शास्त्रीय परीक्षण करायचे, तर सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी.

आधी तक्रार समजून घेऊ. आचरा, मसुरे, पेंडूर या भागात वायंगणी भात किंवा भुईमूग करणाऱ्याचा मळा डुकरांचा कळप एका रात्रीत उकरून टाकतो. माकडे कोवळे नारळ पाडतात. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी गवे भातात उतरतात. जिल्ह्यात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने दिलेले आहेत. परंतु तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. मारण्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. निवडणूक जाहीर झाली, की बंदूक बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. बंदूक दिली, पण ती खुंटीलाच टांगायला सांगितली, असा जुन्या शिकाऱ्यांचा सूर असतो.

हा संताप खरा आहे. पण संतापावरून संख्या काढता येत नाही. नुकसान वाढले याची निदान तीन कारणे संभवतात. एक, प्राणी खरोखरच वाढले. दोन, प्राणी तेवढेच आहेत, पण मुंबईला गेलेल्यांच्या जमिनी पड राहून तेथे रान माजले आणि डुकरांना वस्तीलगत दडायला जागा मिळाली. तीन, शेती करणारी घरे कमी झाली, राखण करणारी माणसेही कमी झाली, त्यामुळे उरलेल्या थोड्या मळ्यांवर सगळा भार आला. पहिल्या कारणावर संख्या कमी करणे हा उपाय असेल. दुसऱ्यावर रान साफ करणे आणि तिसऱ्यावर सामूहिक कुंपण व राखण. कारण न ओळखता औषध देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

नुकसानभरपाईचे अर्ज वाढले, म्हणजे प्राणी वाढले, असेही सांगितले जाते. विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबवायला हवे. अर्जांची संख्या अर्ज मोजते, प्राणी नव्हे. भरपाईची रक्कम वाढली, की अर्ज वाढतात. पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागले, की ते घटतात. दोन्ही वेळा डुकरे तेवढीच असू शकतात. शिवाय सिंधुदुर्गातील जंगलाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. अभयारण्यातील पाणवठ्यांवर मचाण बांधून केलेली गणना या रानांतील डुकरांविषयी काही सांगू शकत नाही.

आता कायदा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. मूळ कायद्यात सरसकट शिकारबंदी नव्हती. काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळत आणि परवानाधारकाने मारलेल्या वा पकडलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी, असे कलम १० सांगत होते. १९९१ च्या दुरुस्तीने परवाने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर कलम १० सुद्धा वगळले गेले. अनेक प्राण्यांची अवस्था पाहता बंदीमागे सबळ कारण होते, हे आम्हाला मान्य आहे. पण बंदुकीबरोबर वहीही गेली. तेव्हापासून रानात सर्वांत जास्त फिरणाऱ्या माणसाने आपण काय पाहिले ते सांगायचे म्हटले, तर त्याची माहिती ही माहिती न राहता गुन्ह्याची कबुली ठरू लागली. असा माणूस गप्प बसतो. एक ज्ञानाचा स्रोत आपण हाताने बुजवला.

कायद्यात वाट मुळीच नाही असे नाही. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका असल्यास अनुसूची २ मधील प्राणी मारण्याची लेखी परवानगी देता येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर याच अनुसूचीत आहे. गवा अनुसूची १ मध्ये असल्याने केवळ पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारता येत नाही. हा फरक योग्य आहे, आणि तो का योग्य आहे हे साध्या गणिताने वर्गात दाखवता येईल.

समजा, १०० रानडुकरे आहेत व त्यांत ४० विणाऱ्या माद्या आहेत. प्रत्येकीला वर्षात ५ पिले झाली आणि निम्मी जगली, तर १०० ची भर पडते. समजा, १०० गवे आहेत, माद्याही ४० च. पण गवा एका वेळी एकच वासरू देतो आणि प्रत्येक मादी दरवर्षी विते असे नाही. ३० वासरे होऊन २० जगली असे धरू. इतर मृत्यू तूर्त सोडून द्या. दोन्हीकडे वर्षाला २० जनावरे मारली, तर गवे १०० वर स्थिर राहतात, डुकरे मात्र १८० होतात. ४० मारली, तर गवे घटू लागतात आणि डुकरे तरीही १६० होतात. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. मुद्दा प्रजननाच्या वेगाचा आहे. युरोपात रानडुकरांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसते, की भरपूर अन्नाच्या वर्षी निम्म्याहून अधिक जनावरे काढल्याशिवाय संख्या आटोक्यात राहत नाही. मग परवानगी मिळवून गावात वर्षाला दोन-चार डुकरे मारली, तर शेतकऱ्याचा राग शांत होईल. संख्येवर परिणाम होणार नाही. याला संख्यानियंत्रण म्हणणे ही भाषेची चूक नाही, शास्त्राची आहे.

आकड्यांशिवाय केलेली मांडणी शास्त्रज्ञांनाही कशी फसवते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. ॲरिझोना राज्यातील कायबॅब पठारावर १९०६ मध्ये हरणांची शिकार बंद झाली व हिंस्र प्राणी मारले गेले. हरणे बेसुमार वाढली आणि १९२४ नंतर उपासमारीने मोठ्या संख्येने मेली. आल्डो लिओपोल्ड यांच्या लेखनातून तो आलेख गाजला आणि १ लाख हरणांचे शिखर दाखवीत पाठ्यपुस्तकांत गेला. १९७० मध्ये ग्रॅम कॉली यांनी मूळ नोंदी तपासल्या. १९२४ चे अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत पसरलेले होते आणि आलेखात सर्वांत मोठा आकडा घेतला गेला होता. त्याच काळात पठारावरची गुरे-मेंढ्याही कमी झाल्या होत्या, हे बाजूला राहिले होते. हरणे वाढलीच नाहीत असे नव्हे. पुढे झाडांच्या वयांवरून झालेल्या अभ्यासाने वाढीला दुजोरा दिला. पण किती वाढली आणि कशामुळे, हे आलेख दाखवीत होता तेवढे निश्चित नव्हते.

ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७२ च्या कायद्यावर कठोर टीका केली आणि स्थानिक लोकांच्या हाती नियंत्रित शिकार द्यावी, असे मांडले. त्यासाठी त्यांनी स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांचे दाखले दिले. आम्हाला त्यांचा मुद्दा निम्मा पटतो. त्या देशांत एल्क या मोठ्या हरणाची शिकार दर हंगामात हजारोंनी होते, हे खरे. परंतु तेथील शिकारी मारलेल्या प्राण्याबरोबर त्या दिवशी दिसलेल्या नर, माद्या व वासरांचीही नोंद देतात आणि पुढच्या वर्षाचे आकडे ठरवताना तिचा उपयोग होतो. तेथे बंदूक व वही एकत्र चालतात. आपण फक्त बंदूक उचलून आणली, तर डुकरांच्या नावाखाली भेकर आणि पिसोरी मरतील आणि कोणाला कळणारही नाही.

म्हणून आमची मागणी आधी वहीची आहे. परवानगीने मारलेल्या प्रत्येक डुकराची तारीख, जागा, नर की मादी, अंदाजे वय आणि मादी गाभण असल्यास पिलांची संख्या नोंदवावी. शिकाऱ्याने केवळ पाहिलेल्या प्राण्यांची माहितीही निर्भयपणे देता यावी. शाळांनाही भाग घेता येईल. गावातील एक किलोमीटरची वाट ठरवून घ्या. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, शिक्षकांसोबत तीच वाट चालून उकरल्याच्या ताज्या खुणा, खुरांचे ठसे व लेंड्या मोजा. कोणत्या मळ्यात कोणते पीक उभे आहे आणि किती जमीन पड आहे, तेही लिहा. यातून एकूण संख्या मिळणार नाही, पण ती वाढते आहे की घटते आहे, हा कल पाच वर्षांत दिसू लागेल.

सरकारला, शेतकऱ्याला आणि प्राणिमित्राला आज आपापले म्हणणे ठामपणे मांडता येते, कारण खोटे ठरवणारी नोंद कोणाकडेच नाही. गुरुजींच्या प्रश्नावर आम्ही हसलो ही आमची चूक झाली. वर्गातल्या मुलाने तोच प्रश्न विचारला, तर त्याच्या हाती वही द्यावी.