अग्गञ्ञ सुत्त, उत्क्रांती आणि आपली बौद्ध ओळख

वर्षावासाच्या काळात विदर्भातील विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. यवतमाळ जिल्हाही त्याला अपवाद नाही. वाचन तिसऱ्या खंडातील ईश्वरविषयक प्रकरणापाशी आले की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : ईश्वराने जग निर्माण केले नाही, तर मग ते आले कोठून? विचारणारे बहुधा तरुण असतात. शाळेत त्यांनी उत्क्रांतीचा पाठ वाचलेला असतो, शेजारीपाजारी सृष्टिकर्त्या देवाच्या कथा ऐकलेल्या असतात, आणि अर्जावरील धर्माच्या रकान्यात आपण 'बौद्ध' लिहितो म्हणजे नेमके काय मानतो, हे त्यांना जाणून घ्यायचे असते.

या प्रश्नाला आपल्याकडे साधारणतः तीन उत्तरे मिळतात. उत्क्रांती झाली खरी, पण तिला चालना देणारी एक शक्ती असलीच पाहिजे, हे पहिले. डार्विनने १८५९ साली जे मांडले ते तथागतांनी अग्गञ्ञ सुत्तात अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, हे दुसरे. आणि जगाच्या आरंभाविषयी तथागत मौन राहिले, म्हणून आपणही मौन राहावे, हे तिसरे. प्रस्तुत लेखात या तिन्ही उत्तरांची चिकित्सा करण्याचा आमचा मानस आहे. त्यातही दुसऱ्या उत्तराकडे आम्ही अधिक लक्ष देणार आहोत, कारण ते आपल्याच लोकांचे आहे, सद्हेतूने दिले जाते, आणि म्हणूनच त्याची परखड तपासणी सहसा होत नाही.

हा प्रश्न आपल्याला इतका जिव्हाळ्याचा का?

पाश्चात्त्य देशांत निर्मिती आणि उत्क्रांती यांचा वाद मुख्यतः धर्मग्रंथाच्या प्रामाण्याचा वाद आहे. पृथ्वीचे वय किती, मनुष्य स्वतंत्रपणे घडवला गेला की काय, असे त्याचे स्वरूप असते. त्या वादात तडजोडीही झाल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांतीला केवळ एक गृहीतक म्हणून बाजूस सारता येणार नाही, अशी भूमिका घेतली, आणि आत्मा मात्र ईश्वरदत्त मानला.

आपल्या देशात निर्मितीची कथा एवढ्यावर थांबत नाही. पुरुषसूक्तातील विराट पुरुषाच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून चार वर्ण उत्पन्न झाले असे सांगताना ती कथा सृष्टीबरोबर समाजाची उतरंडही ईश्वरी ठरवून टाकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथाचा आरंभ पुरुषसूक्ताच्या चिकित्सेने केला, तो याच कारणाने. ज्यांच्या पूर्वजांना सृष्टिक्रमाच्या नावाने गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी जग कोणी निर्माण केले हा प्रश्न निव्वळ तत्त्वचर्चेचा राहत नाही.

हा विषय जुना झाला असेही म्हणता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये, त्या वेळच्या औरंगाबादेत, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असे विधान केले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्रितपणे त्याचे खंडन केले. पुढे २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाल्याचे दिसून आले आणि शेकडो वैज्ञानिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच पाठ आहे. आपल्या मुलांनी तो श्रद्धेने पाठ करावा असे नाही. तो त्यांना समजावा, एवढीच अपेक्षा आहे.

अग्गञ्ञ सुत्त खरोखर काय सांगते?

दीघनिकायातील हे सत्ताविसावे सुत्त. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण संघात प्रवेश मिळावा म्हणून भिक्षूंच्या सहवासात राहत आहेत. आपले ज्ञातिबांधव आपली निर्भर्त्सना करतात, ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेला श्रेष्ठ वर्ण सोडून हीनांच्या पंक्तीला बसलात असे म्हणतात, असे ते तथागतांना सांगतात. तथागतांचे पहिले उत्तर अत्यंत ऐहिक आहे. ब्राह्मणस्त्रिया ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात, बाळांना दूध पाजतात, हे सर्वांना दिसते. मग मुखातून जन्मल्याची भाषा कशाची?

यानंतर ती प्रसिद्ध कथा येते. जग आकुंचन पावते, पुन्हा विस्तारते. आभास्वर लोकातील प्रकाशमान जीव पृथ्वीवर येतात. तापवून निवलेल्या दुधावर साय धरावी तशी पाण्यावर रसपृथ्वी पसरते. कोणी एक लोभाने ती चाखतो, इतर त्याचे अनुकरण करतात, आणि त्यांची शरीरे जड व रूपे भिन्न होत जातात. सुरूप म्हणविणारे कुरूपांना हिणवू लागतात. पुढे आयता मिळणारा तांदूळ साठवण्याची वृत्ती येते, शेतांना बांध पडतात, चोरी होते, खोटे बोलले जाते, दंड उगारला जातो. तेव्हा लोक एकत्र येऊन आपल्यातून एकाची निवड करतात; तो महासंमत. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र ही सर्व नावे याच लोकांमधून, त्यांच्या व्यवसायांवरून आणि वर्तनावरून पडत जातात. बाहेरून कोणी ती लादत नाही.

आता हे डार्विनपूर्व डार्विनवादाचे सुत्त आहे काय? आमच्या मते मुळीच नाही. डार्विनच्या सिद्धांताचा गाभा असा की सजीवांच्या समूहांत भेद उपजत असतात, परिस्थितीशी जुळणारे भेद पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि भिन्न जाती एका समान पूर्वजापासून हळूहळू फुटत जातात. अग्गञ्ञ सुत्तात यांपैकी एकही गोष्ट नाही. तेथील जीव प्रकाशमय अवस्थेतून खाली उतरत जातात, आणि त्या उतरणीचे कारण तृष्णा आहे. ती नैतिक कथा आहे. रिचर्ड गोम्ब्रिच या पाली पंडिताने १९९२ साली या सुत्तातील उपहासाकडे लक्ष वेधले : ब्राह्मणी सृष्टिकथांचे विडंबन करीत तथागत येथे त्यांचा पायाच काढून घेतात. कथेचे वाच्यार्थाने विज्ञान करणारा वाचक हा उपहासच गमावून बसतो.

एका शब्दाने झालेला घोटाळा

या गैरसमजाच्या मुळाशी अनुवादाचाही वाटा आहे. पालीतील 'संवट्ट' आणि 'विवट्ट' म्हणजे जगाचे मिटणे आणि उलगडणे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऱ्हीस डेव्हिड्स दांपत्याने इंग्रजी अनुवाद करताना 'विवट्ट'साठी उत्क्रांतिवाचक क्रियापद योजले आणि या सुत्ताला बायबलमधील उत्पत्तिग्रंथाचे नावही जोडले. तो काळच उत्क्रांतीच्या परिभाषेने भारलेला होता. आपल्या पुस्तिकाकारांनी मूळ शब्दाकडे न जाता त्या इंग्रजी शब्दावर इमारत उभी केली.

याहून गंभीर आक्षेप पद्धतीविषयी आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा क्रम लावून दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असे सांगणारे लोक आपण पाहतो. त्यांना आपण हसतो. आणि हसण्यासारखेच ते आहे. परंतु त्याच मालिकेत नववा अवतार म्हणून बुद्धाला बसवलेले असते. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेली प्रतिज्ञा आपल्याला मुखोद्गत आहे. जुन्या कथेत नवे विज्ञान शोधण्याची रीत आपण अग्गञ्ञ सुत्ताला लावली, तर दशावतारवाल्यांना ती नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या तोंडाने उरेल?

बाबासाहेबांचे विधान

येथे वाचक विचारील की, जग उत्क्रांत झाले आहे, ते निर्माण केलेले नाही, असा आशय तर स्वतः बाबासाहेबांच्या ग्रंथातच आहे. तो आहे, आणि आम्ही तो शिरोधार्य मानतो. मात्र तो कोणत्या संदर्भात आला ते पाहावे. ईश्वर कोणी पाहिलेला नाही, त्याने जग घडविल्याचे कोणी सिद्ध करू शकत नाही, अशा युक्तिवादाच्या ओघात तो आलेला आहे. त्याचा अर्थ, जग कारणांपासून आणि प्रत्ययांपासून होत आले, कोणाच्या इच्छेपासून झाले नाही, असा आहे. हा प्रतीत्यसमुत्पाद होय. प्राण्यांच्या जाती कशा बदलल्या याचा तपशील त्यातून निघत नाही, आणि बाबासाहेबांनीही तो काढलेला नाही.

त्याच ग्रंथात ते ऋतुनियम, बीजनियम आणि कर्मनियम यांची फोड करतात. ऋतू येतात-जातात, बीजापासून झाड होते, हा भौतिक सृष्टीचा क्रम; समाजातील नैतिक व्यवस्था मात्र माणसाच्या कर्मावर अवलंबून. आमच्या दृष्टीने या प्रश्नाची किल्ली येथे आहे. उत्क्रांती हा ऋतू आणि बीजाच्या प्रांतातील शोध आहे. तेथे विज्ञानाचा शब्द चालावा. कर्मनियमाच्या प्रांतात मात्र निसर्गाकडून धडे घ्यायचे नसतात. जो बलवान तो जगतो, म्हणून उतरंड नैसर्गिक आहे, असे म्हणणाऱ्यांनी डार्विनचा आधार घेतला आहे. जातीमुळे वंश शुद्ध राहतो या समर्थनाचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात घेतला होता. उत्क्रांती मान्य केल्याने कोणी आपोआप बौद्ध होत नाही. करुणा तिच्यातून निष्पन्न होत नाही.

ईश्वरप्रेरित उत्क्रांती आणि मौन

पहिल्या उत्तराकडे वळू. कर्ता ईश्वर आणि उत्क्रांती यांचा समेट अनेकांना समंजसपणाचा वाटतो. परंतु अंगुत्तरनिकायातील तित्थायतन सुत्तात तथागतांनी तीन मते त्याज्य ठरविली आहेत : सर्व काही पूर्वकर्माने घडते, सर्व काही ईश्वरनिर्मित आहे, आणि सर्व काही निष्कारण आहे. कारण तिन्हींत माणसाच्या प्रयत्नाला जागा उरत नाही. हत्या करणाराही मग ईश्वराकडे बोट दाखवू शकतो. चालना देणारा ईश्वर आत घेतला की चालविणाराही येतो, आणि चालविणारा आला की कोणाला कोठे बसवायचे हे ठरविणारा पुरोहितही त्याच्या मागोमाग येतो. तिसरे मत नाकारल्यामुळे उत्क्रांतीही नाकारली जाते, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर नाही. भेद हेतुपूर्वक उपजत नाहीत, पण ते निष्कारणही नसतात. आणि त्यांचे टिकणे परिस्थितीच्या प्रत्ययांवर अवलंबून असते.

मौनाचे समर्थन चूळमालुंक्य सुत्ताच्या आधारे केले जाते. विषारी बाण लागलेल्याने बाण मारणाराचे कुळ विचारत बसू नये, हा दृष्टान्त आपण जाणतो. परंतु तेथे अव्याकृत ठेवलेले प्रश्न जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, जीव व शरीर एक की भिन्न, तथागत मरणोत्तर असतो की नसतो, हे आहेत. मनुष्याची वंशावळ त्या यादीत नाही. जे तपासून कळू शकते त्यावर मौनाचे पांघरूण घालणे म्हणजे 'एहिपस्सिको' या शब्दाकडे पाठ फिरविणे होय.

पाहण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. आपला बहुतेक जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. वणी परिसरात, जेथे वेकोलिच्या खाणी आहेत आणि आपल्या समाजबांधवांनीही घाम गाळला आहे, तेथील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. तो ज्या अरण्यांचा झाला त्यांत ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती मुख्य होती, आणि फुले येणारे एकही झाड नव्हते; पऱ्हाटी नाही, तूर नाही, मोह नाही, बोधिवृक्षही नाही. या खडकांच्या मालिकेला जगभर दिले गेलेले गोंडवन हे नाव आपल्या गोंड शेजाऱ्यांच्या भूमीवरून आलेले आहे. त्यांच्या पहांदी पारी कुपार लिंगोच्या कथांचाही येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. समाजाची आठवण जपणारी कथा वेगळी आणि दुसऱ्याला हीन ठरविणारी कथा वेगळी. चिकित्सा दोन्हींची व्हावी, धिक्कार मात्र दुसरीचाच.

मग आपली ओळख कोणती? बावीस प्रतिज्ञांत देवदेवता आणि अवतार यांचा नकार आहे, समतेचा, अष्टांगिक मार्गाचा आणि पारमितांचा स्वीकार आहे. जगाचा आरंभ कसा झाला याविषयी एकही प्रतिज्ञा नाही. धर्म जगाच्या आरंभाचा उलगडा करू पाहतो आणि धम्म जगाची नव्याने घडण करू पाहतो, हा भेद बाबासाहेबांनी चौथ्या खंडात केला आहे. अग्गञ्ञ सुत्ताचाही रोख हाच आहे. नाना जाती, नाना गोत्रे, नाना कुळांतून आलेल्यांना कोणी विचारले की तुम्ही कोण, तर आम्ही शाक्यपुत्रीय श्रमण आहोत असे सांगावे, असे तथागत वासेट्ठाला सुचवितात. जन्माच्या कथेवरून मिळालेली ओळख टाकून, पत्करलेल्या मार्गावरून मिळणारी ओळख त्यांनी त्या दोन तरुणांच्या हाती दिली. ज्ञातिबांधवांच्या शिव्या खाऊन विहाराच्या दारी आलेल्यांना याहून मोठा आधार कोणता असू शकेल?

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या वर्षावासात तिसऱ्या खंडाचे वाचन होईल तेव्हा दहावीचा उत्क्रांतीचा पाठही सोबत वाचावा, जमल्यास विज्ञानाच्या शिक्षकाला बोलवावे, आणि अग्गञ्ञ सुत्त स्वतंत्र दिवशी, संपूर्ण वाचावे. तरुणांनी प्रश्न विचारला तर त्यांना डार्विनचे प्रमाणपत्र दाखवू नये, मौनही दाखवू नये. मनुष्य कोठून आला ते विज्ञानाकडून समजून घ्या, आणि त्याने माणसाशी कसे वागावे ते धम्माकडून. या दोन्हींसाठी कर्त्याची गरज नाही, एवढे स्पष्टपणे सांगावे.