मेव्हिस स्टेपल्स: कुटुंबवृंदातील सोल गायिका

सोल संगीताचा इतिहास बहुधा एकेकट्या गायकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमध्ये विकसित झालेल्या गॉस्पेल या भक्तिगायनात तयार झालेला एखादा गळा वृंदातून बाहेर पडतो, ईश्वराऐवजी प्रिय व्यक्तीला आळवू लागतो आणि स्वतःच्या नावावर उभा राहतो, असा या कथनाचा ठरीव साचा असून सॅम कुक यांनी १९५७ मध्ये लौकिक गीतांकडे घेतलेले वळण हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. १९३९ साली शिकागोत जन्मलेल्या मेव्हिस स्टेपल्स यांची कारकीर्द या साच्यात बसत नाही. स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघू लागल्यानंतरही त्या दीर्घकाळ ‘स्टेपल सिंगर्स’ या कौटुंबिक वृंदाच्या मुख्य गायिका राहिल्या, आणि त्यांच्या गायनातील जे गुण त्यांचे व्यक्तिगत वैशिष्ट्य मानले जातात त्यांपैकी बहुतेक त्या वृंदाच्या रचनेतूनच घडले.

या रचनेचे कर्ते त्यांचे वडील रोबक ऊर्फ पॉप्स स्टेपल्स. मिसिसिपी राज्यातील डॉकरी या कापसाच्या मळ्यावर वाढलेल्या पॉप्स यांच्या कानावर तेथे गायक-गिटारवादक चार्ली पॅटन यांची ब्लूज पडली होती. १९३० च्या दशकात ते शिकागोला आले आणि कत्तलखान्यांत व पोलाद कारखान्यात मजुरी करू लागले. ज्या पुरुषवृंदात ते गात असत त्यातील गायक तालमींना दांड्या मारतात म्हणून वैतागून त्यांनी घरातल्या मुलांनाच सुरांची वाटणी शिकवली, आणि १९४८ पासून हे कुटुंब चर्चमध्ये गाऊ लागले. प्रारंभी मुख्य स्वर परव्हिस या मुलाचा होता. वयात येताना त्याचा आवाज फुटला तेव्हा ती जागा धाकट्या मेव्हिसकडे आली. तिचा स्वर खर्जाकडे झुकणारा, किंचित खरखरीत आणि वयाला न शोभेल इतका भारदस्त असल्याने केवळ ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांना तो एखाद्या पुरुषाचा किंवा पोक्त बाईचा वाटे.

‘अनक्लाउडी डे’ या १९५६ च्या ध्वनिमुद्रिकेत ही रचना पूर्णत्वास गेलेली दिसते. त्या काळच्या शहरी गॉस्पेलमध्ये पियानो आणि ऑर्गन यांचा भरणा असे. येथे मात्र पॉप्स यांच्या इलेक्ट्रिक गिटारचा आधार आहे, आणि तीही ट्रेमोलोवर, म्हणजे ध्वनीची पातळी नियमित गतीने वरखाली करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधील योजनेवर, वाजवलेली. या थरथरत्या नादाखाली जागा मोकळी राहते. भावंडांचे स्वर ती भरून न काढता तिच्या कडा आखतात, आणि मेव्हिस ओळीच्या मागे रेंगाळत, शब्द तोडत, मध्येच हुंकार देत त्या मोकळ्या जागेत वावरतात. मोठ्या आवाजाला गर्दीवर मात करावी लागत नसली की तो किती सावकाश बोलू शकतो, हे या गाण्यात कळते.

नागरी हक्कांच्या चळवळीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी जुळलेल्या नात्यातून या वृंदाने जी गीते गायली, त्यांतही हीच पद्धत टिकली. सेल्मा ते मॉन्टगोमेरी या मोर्चावरून सुचलेले ‘फ्रीडम हायवे’ १९६५ मध्ये शिकागोतील एका चर्चमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा आवाहनाला प्रतिसाद देण्याचे वृंदाचे काम जमलेल्या मंडळींनीही उचलले होते.

१९६८ मध्ये हे कुटुंब मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीत दाखल झाले आणि पुढे निर्माते अल बेल यांनी ध्वनिमुद्रणासाठी त्यांना अलाबामातील मसल शोल्स येथे नेले. तोवर परव्हिस वृंदाबाहेर पडले होते आणि ‘रिस्पेक्ट युअरसेल्फ’ (१९७१), ‘आय विल टेक यू देअर’ (१९७२) ही यशस्वी गीते पॉप्स व त्यांच्या तीन मुलींच्या नावावर आली. चर्चमधील काही मंडळींनी त्यांच्यावर सैतानाचे संगीत गाण्याचा ठपका ठेवला. तो फारसा टिकणारा नाही, कारण दुसरे गीत शब्दांपेक्षा पुकारा आणि प्रतिसाद या चर्चमधील मूळ यंत्रणेवरच उभे आहे: दोनच स्वरमेळ (कॉर्ड) आलटून-पालटून येतात, बासची चाल ‘लिक्विडेटर’ या जमैकन वाद्यरचनेवरून घेतलेली आहे, कडव्यांचा मजकूर नाममात्र आहे आणि उरलेला सगळा भार मेव्हिस यांच्या उद्गारांवर आहे. मधल्या भागात त्या वादकांना पुकारतात आणि गिटारची पाळी आली की वडिलांना साद घालतात. प्रत्यक्षात तेथे वाजणारी गिटार एडी हिंटन या स्टुडिओतील वादकाची आहे. व्यावसायिक वादकांनी वाद्यांची बाजू ताब्यात घेतल्यावरही गायिकेला समोर बाप उभा आहे असे धरूनच गावे लागते, ही गोष्ट या शैलीबद्दल पुष्कळ सांगून जाते. त्याच काळात ‘जॅक्सन फाइव्ह’सारख्या वृंदांच्या ध्वनिमुद्रणांत भावंडांची वाद्ये बाजूला सारली जाऊन कुटुंब ही मुख्यतः जाहिरातीची बाब झाली होती. स्टेपल्स कुटुंबाचे गाणे मात्र घरातच राहिले.

१९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचे दिवाळे निघाले. गीतकार-निर्माते कर्टिस मेफिल्ड यांच्या ‘लेट्स डू इट अगेन’ या गीताने त्याच वर्षी एक मोठे यश दिले खरे, पण पुढची वर्षे ओसरतीची होती. मेव्हिस यांच्या एकल कामातील अडचण तर त्याआधीपासूनच दिसते. १९६९ आणि १९७० चे त्यांचे पहिले दोन एकल अल्बम नीटनेटके असूनही परके वाटतात. प्रिन्स यांनी काढलेल्या १९८९ व १९९३ च्या अल्बमांत आदर भरपूर आहे, परंतु सिंथेसायझर आणि यांत्रिक ताल यांनी प्रत्येक फट बुजवल्यामुळे या आवाजाला रेंगाळायला जागाच उरत नाही. गायिकेत काही उणे नव्हते. निर्मात्यांनी तिला सर्वस्वी एकटी समजून तिच्याभोवती देखावा उभा केला.

पॉप्स २००० मध्ये वारले. त्यानंतरच्या कामात हे कोडे हळूहळू सुटते. शिकागोतील एका छोट्या क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या २००८ च्या ‘लाइव्ह: होप अ‍ॅट द हाइडआउट’मध्ये एक गिटार, बास, ड्रम आणि मोजके साथस्वर एवढाच सरंजाम आहे, रिक होल्मस्ट्रॉम यांची गिटार पॉप्स यांच्या वळणाने वाजते, पण नक्कल करीत नाही. जेफ ट्वीडी यांनी निर्मिलेल्या २०१० च्या ‘यू आर नॉट अलोन’ला ग्रॅमी मिळाले, ते त्यांचे पहिलेच. पारितोषिकापेक्षा महत्त्वाचे हे की तेथील साथ पुन्हा विरळ आहे, आणि वयोमानाने आवाजाचा वरचा पल्ला घटला असला तरी उच्चारांतले वजन वाढलेले आहे. पॉप्स यांच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांवरून २०१५ मध्ये ‘डोन्ट लूज धिस’ तयार करताना ट्वीडी यांनी नवे थर फारसे चढवले नाहीत, उलट बराच भरणा काढून टाकला आणि बापलेकींचे स्वर व गिटार तेवढी पुढे आणली. एकल अल्बमांवर चाळीस वर्षे जे प्रयोग झाले, त्यांतले बहुतेक या एका निर्णयापुढे अनावश्यक वाटतात.