शून्य व्होल्ट नेमके कुठे?

प्रयोगशाळेत साहित्य अपुरे असले की विद्युत परिपथ संगणकावर जोडून दाखवणे सोयीचे पडते. बहुतेक सिम्युलेटर फुकट मिळतात आणि आकडेमोड चोख करतात. आमची तक्रार आकडेमोडीबद्दल नाही. भूसंपर्काच्या खुणेबद्दल आहे.

९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडा आणि खालच्या बॅटरीच्या ऋण टोकाला भूसंपर्काची खूण द्या. आता फक्त वरच्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ४७० ओहमचा रोध व एक लाल एलईडी जोडा. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ७ व्होल्टमुळे रोधातून सुमारे १५ मिलिअँपिअर धारा वाहते आणि एलईडी बिनतक्रार लागतो. पडद्यावर मात्र त्याच्या एका टोकाशी ११ आणि दुसऱ्याशी ९ व्होल्ट दिसतात. '११ व्होल्टवर एलईडी उडाला कसा नाही?' असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न उत्तम आहे. कळसूबाईवर उभ्या असलेल्या माणसाची उंची आपण १६४६ मीटर सांगत नाही, हे त्याचे उत्तर.

पुष्कळदा विद्यार्थी वेगळाच उपाय करतो. वरच्या बॅटरीच्या ऋण टोकालाही तो भूसंपर्क देतो. पण सिम्युलेटरच्या लेखी अशा सर्व खुणा म्हणजे एकच बिंदू. त्यामुळे खालची बॅटरी शॉर्ट होते आणि आज्ञावली चूक दाखवून थांबते. दुसरी खूण काढली की काम होते. का झाले, हे पडदा सांगत नाही.

याचे मूळ स्पाइस या आज्ञावलीत पाहता येते. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ती लिहिली. १९७३ साली ती जगापुढे आली. तिच्यात एक बिंदू शून्य क्रमांकाचा असावाच लागतो, कारण समीकरणांतून फक्त विभवांतरे ठरतात; प्रत्यक्ष विभव काढायला कुठेतरी शून्य मानावे लागते. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम गुंडाळी कशालाच जोडलेली नसेल, तर तिच्या टोकांचे विभव अनिश्चित राहते. यावर स्पाइसच्या घराण्यातील आज्ञावल्या 'मॅट्रिक्स सिंग्युलर आहे' असा संदेश देतात. अभियंत्याला तो कळेल, दहावीच्या मुलाला काय कळणार? मग कुणीतरी १०० कोटी ओहमचा रोध भूसंपर्काला जोडायचा तोडगा सांगतो आणि तो मंत्रासारखा पाठ होतो. वास्तविक तिथे साधी तारही चालते. जोड एकच असल्याने धारेला परतीची वाट नसते.

फॉल्स्टॅड यांचा सिम्युलेटर असा संदेश टाळतो. खूण नसेल तर तो बॅटरीचे एक टोक गुपचूप शून्य धरतो. त्याहून खटकतात त्यातील तर्कद्वारे. त्यांना वीजपुरवठ्याची टोकेच नाहीत. निर्गत विभव भूसंपर्काच्या तुलनेत ० किंवा ५ व्होल्ट. आपल्या वरच्या बॅटरीवर, म्हणजे ९ आणि १८ व्होल्टच्या दरम्यान, सीमॉस प्रकारचे खरे द्वार उत्तम चालते. पडद्यावरच्या द्वाराने ५ व्होल्ट दिले तरी ९ व्होल्टच्या बिंदूला जोडलेला एलईडी लागणार नाही, आणि मुले द्वारालाच दोष देतील. एलटीस्पाइसमध्ये द्वाराला निदान एक सामाईक टोक असते. ते कुठे जोडायचे हे विचारात घ्यावे लागते. शिकवण्याच्या दृष्टीने ही अडचण आम्हाला उपकारक वाटते.

फेट या संचात भूसंपर्क मुळातच नाही. व्होल्टमापकाच्या दोन तारा दोन बिंदूंना लावल्याखेरीज आकडा मिळत नाही. सुरुवातीला आम्ही हाच संच सुचवू.

खूण कुठेही ठेवण्याची सवय प्रत्यक्ष टेबलावर मात्र धोक्याची ठरते. विजेवर चालणाऱ्या नेहमीच्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी चिमटी तीन पिनांच्या प्लगमधून खऱ्या जमिनीला जोडलेली असते. ट्रान्सफॉर्मरविना थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरच्या ऋण टोकाला ती लावली, तर डायोडमार्गे शॉर्ट होतो. डायोड फुटतात, प्रोब जळतो. सिम्युलेटरमध्ये हीच चिमटी कुठेही लावा, काही होत नाही. वर्गात बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर वापरावा. ऑसिलोस्कोपच हवा असेल तर कमी व्होल्टच्या परिपथावर दोन प्रोब लावावेत, चिमट्या परिपथाच्या भूसंपर्कालाच ठेवाव्यात आणि दोन चॅनेलांतील फरक पडद्यावर घ्यावा.