उसातली बाई

मराठी भुतांची नावे ही खरे तर मृत्यूची नोंदवही आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती अळवंत. सवाष्ण गेलेली ती जखीण. बाईचे भूत लग्न आणि कूस यांवरून ठरते. पडद्यावर या नोंदी गळाल्या. मोकळे केस, पांढरी साडी, उलटे पाय एवढाच साचा उरला.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा साचा घेतो आणि उलटवतो. गरोदर नेहा (पूजा सावंत) उसातल्या घरात येते. भीती भुताची वाटते. गुन्हा मात्र जिवंत माणसांचा, मुलगी नको म्हणणाऱ्यांचा निघतो. उषा नाईक यांची तुळसाबाई मायेने वागते, म्हणूनच अधिक भिववते.

तरी माझी एक तक्रार आहे. मी नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातला. चित्रपट सारा दोष फडातल्या एका घरावर ठेवून थांबतो. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो शहरातल्या दवाखान्यांमुळे. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या, राज्यात ८९४. एवढी तूट एकट्या खाष्ट म्हातारीच्या माथी मारता येत नाही. तीत शिकलेली, हसतमुख, पेढे वाटणारी माणसे आहेत. आपल्या ओळखीची, नात्यातली. त्या चेहऱ्याचे पात्र आपल्या भयपटाला अजून रंगवायचे आहे. त्याला उलटे पाय लागणार नाहीत.