कोडाचे पथ्य : एका पत्रकाची तपासणी

तालुक्याच्या गावी शिक्षकांचे विज्ञान शिबिर होते. पेशींवर दोन तास बोलून झाल्यावर, चहाच्या वेळी, आठवीच्या वर्गाच्या एक बाई जवळ आल्या आणि पर्समधून घडी केलेले पत्रक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या ओठांच्या कडांना, बोटांच्या टोकांना आणि गुडघ्यांवर कोडाचे डाग आहेत. मुलीच्या वडिलांना हे पत्रक कोणीतरी आणून दिले आणि सहा महिने झाले, घरात ते तंतोतंत पाळले जाते आहे. दूध बंद, दही-ताक बंद, अंडी-मासे बंद, लिंबू-चिंच-टोमॅटो बंद. सकाळी तांब्याच्या भांड्यातले पाणी, मग भिजवलेले हरभरे, अंजीर, अक्रोड, बीट, पालेभाज्या. मुलगी मधल्या सुट्टीत डबा खायला एकटी बसते. आधी डागांमुळे बसत होती, आता पथ्यामुळे. "सर, यात काही तथ्य आहे का?" असे बाईंनी विचारले, तेव्हा चहाच्या घोटाबरोबर देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पत्रक मी घरी घेऊन आलो.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, पेशींवर काम करणारा संशोधक आहे. औषध सांगणे हे माझे काम नव्हे. पण पत्रकात 'परदेशी संशोधनाने सिद्ध झालेला वनस्पती-आहार' असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द वापरले की ते तपासणे आमच्या कामात येते.

पत्रकाचा मुख्य युक्तिवाद असा : त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनते. बनवणारे विकर म्हणजे टायरोसिनेज, आणि त्याला तांबे लागते. म्हणून टायरोसिन आणि तांबे देणारे वनस्पतिजन्य पदार्थ खा, रंग परत येईल. यातली पहिली तीन वाक्ये अगदी बरोबर आहेत. दहावीच्या मुलाने लिहिली तर मी पूर्ण गुण देईन. घोटाळा 'म्हणून' या शब्दापाशी आहे.

कोडात कच्चा माल कमी पडलेला नसतो. तो माल वापरणाऱ्या रंगपेशीच, म्हणजे मेलॅनोसाइट, त्या जागी उरलेल्या नसतात. शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मारक टी-पेशी या रंगपेशींना परके समजून नष्ट करतात. गिरणीतले कामगारच नाहीसे झाले असतील तर दारात कापसाच्या गाठी रचून कापड निघणार नाही. जन्मजात वर्णहीनतेत याच्या उलट असते. तिथे रंगपेशी जागेवर असतात, पण रंग बनवण्याच्या साखळीतला एखादा दुवा बिघडलेला असतो. वर्गात हे दोन विकार शेजारी शेजारी मांडून दाखवावेत. दिसायला दोन्ही पांढरे, पण बिघाड अगदी वेगवेगळ्या जागी.

यावर मुले एक प्रश्न हमखास विचारतील, आणि तो विचारला जावा : कशावरून? पुरावा गुडघ्यावरच आहे. पांढऱ्या डागाला आणि त्याला चिकटून असलेल्या सावळ्या त्वचेला रक्त एकच मिळते. रक्तात तांबे कमी असते तर रंग अंगभर फिकट झाला असता, असा रेखीव काठाचा डाग पडला नसता. याहून पक्का पुरावा शस्त्रक्रियेने दिला आहे. कोड पसरायचे थांबून स्थिर झाले असेल, तर त्याच रुग्णाच्या अंगावरची निरोगी त्वचा किंवा तिच्यातल्या रंगपेशी काढून डागाच्या जागी बसवता येतात. त्या रुजल्या की तिथे रंग धरतो. माणूस तोच, ताटही तेच. कच्चा माल शरीरात होता, कमतरता पेशींची होती.

टायरोसिनची एक गंमत पत्रक लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली दिसते. हे अमिनो आम्ल १८४६ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चीजमधल्या केसीन या प्रथिनातून मिळवले, आणि त्याचे नावही चीजसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले. केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन. म्हणजे पत्रकाच्या पहिल्या पानावर टायरोसिनची महती आहे आणि दुसऱ्या पानावर दुधाला बंदी!

आंबटाच्या बंदीमागेही असेच अर्धे रसायनशास्त्र आहे. टायरोसिनपासून मेलॅनिन बनताना वाटेत डोपाक्विनोन हे संयुग तयार होते. क जीवनसत्त्व त्याला एक पायरी मागे ढकलते, आणि तपासनळीत हे घडताना दिसते. पण लिंबाची फोड खाल्ली म्हणजे ती रंगपेशीत जाऊन बसली असे होत नाही. आतडे आणि मूत्रपिंडे क जीवनसत्त्वाचे रक्तातले प्रमाण मर्यादेत ठेवतात, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. आंबट खाण्याने रंग जात असता तर कोकणात सोलकढीवर वाढलेल्या पिढ्या एव्हाना पांढऱ्याफटक झाल्या असत्या. ही बंदी अनेक जाणती माणसेही सांगतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. शिवाय लिंबू तोडले की पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला मदत करणारा घटकही ताटातून जातो, आणि वाढत्या वयाच्या मुलीला तर लोह हवेच असते.

मात्र वनस्पती-आहाराच्या बाजूने याहून बरा युक्तिवाद करता येतो, आणि तो पत्रकात नसला तरी टीकाकाराने मांडला पाहिजे. कोड हा प्रतिकार यंत्रणेचा विकार आहे. आहाराने आतड्यातले जिवाणू बदलतात आणि जिवाणूंचा प्रतिकार यंत्रणेशी संबंध असतो. भाज्या-फळांत ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये असतात. मग असा आहार त्या मारक पेशींना थोडे शांत करू शकणार नाही का? कल्पना हास्यास्पद नाही. पण शक्य वाटणे आणि घडणे यांत अंतर असते, आणि कोडाच्या संशोधनातच त्याचे चांगले उदाहरण आहे. कोड असलेल्यांच्या त्वचेत कॅटालेज हे विकर कमी असल्याचे १९९१ साली दिसून आले. हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करते. मग त्याच्यासारखे काम करणारे मलम लावले की रंग परत येईल, असे सगळ्यांनाच वाटले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना ते मलम आणि काहींना औषध नसलेले मलम देऊन दोघांनाही अतिनील किरणांचे उपचार दिले गेले. दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली. म्हणजे गुण आला तो किरणांचा.

दुसरे उदाहरण थेट खाण्याशी निगडित आहे. १९९७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी १०० रुग्णांना ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल दिले आणि उन्हातही बसायला सांगितले. ५२ जणांत रंग परतू लागला. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण गोळ्या न घेता नुसते उन्हात बसलेले रुग्ण तुलनेला नव्हते. २००२ साली नेदरलँड्समध्ये २७ रुग्णांवर ही उणीव भरून काढली गेली : काहींना फक्त अतिनील किरण, काहींना किरण आणि जीवनसत्त्वे दोन्ही. वर्षभरानंतर जवळजवळ सर्वांनाच चांगला गुण आला होता आणि जीवनसत्त्वांमुळे त्यात भर पडली नव्हती. हे दोन प्रयोग फळ्यावर शेजारी लिहून 'पहिल्यात काय राहिले?' एवढेच मुलांना विचारावे. तुलना गटाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

वनस्पती-आहाराच्या दाव्यामागे असा तुलना गटही नाही. मिळतात त्या एकेका माणसाच्या हकिकती. तशाच हकिकती गहू सोडून गुण आल्याच्याही आहेत, काही तर वैद्यकीय नियतकालिकांतही छापल्या गेल्या आहेत. आणि गहू ही वनस्पतीच आहे!

आता पत्रकातली छायाचित्रे. 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्या फोटोत आजूबाजूची त्वचा उन्हाने रापलेली आहे, म्हणून डाग झळकतो. नंतरच्या फोटोत उजेड मंद आहे आणि त्वचाच उजळ दिसते. रापलेपण उतरले की डाग जागचा न हलताही पुसट वाटतो. पण समजा फोटो प्रामाणिक आहेत. तरीही काय सिद्ध होते? २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. त्याच्या दोन चाचण्यांत मिळून ६७४ रुग्ण होते. २४ आठवड्यांनंतर मलम लावणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन चतुर्थांशाने किंवा त्याहून जास्त भरून आले. मला इथे महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या गटाचा आकडा. ज्यांच्या मलमात औषधच नव्हते, त्यांच्यातही एका चाचणीत सुमारे ७ आणि दुसरीत सुमारे ११ टक्के लोकांना तेवढाच गुण आला. कोड कधी आपोआप थांबते, कधी थोडे भरते, कधी पुन्हा पसरते. शंभर जणांनी अंजीर-अक्रोड खाल्ले आणि आहाराचा काडीचाही परिणाम नसला, तरी पाच-दहा जण कृतज्ञतेने फोटो पाठवतील. ते खोटे बोलत नसतील. उरलेले नव्वद जण पत्रक छापायला जात नाहीत.

रंग परतताना पुष्कळदा तो केसांच्या मुळांभोवती बारीक ठिपक्यांनी परततो, कारण तिथे राखीव रंगपेशी टिकून असतात. चेहरा लवकर भरतो तो त्यामुळे, आणि बोटांची टोके व ओठ यांवर केस नसल्याने ते हट्टी ठरतात. बाईंच्या विद्यार्थिनीचे डाग नेमके तिथे आहेत.

वनस्पतींना कोडात काहीच स्थान नाही, असे मात्र कोणी समजू नये. पांढऱ्या डागांसाठी वनस्पतीला आवाहन करणारे सूक्त अथर्ववेदात आहे. आपल्याकडे बावचीच्या बिया आणि ऊन हा जुना उपाय आहे. इजिप्तमध्ये अम्मी माजूस या, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या वनस्पतीच्या बिया शतकानुशतके वापरात होत्या. १९४७ च्या सुमारास कैरोत या बियांतून सोरालेन वर्गातले संयुग शुद्ध स्वरूपात मिळाले, एल मोफ्ती या डॉक्टरांनी ते रुग्णांवर वापरले आणि त्यातून पुढे सोरालेन व अतिनील किरणांची उपचारपद्धती उभी राहिली. सोरालेनचे रेणू डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये शिरतात आणि अतिनील किरण पडले की तिथे घट्ट जोडले जातात. हे पोषण नव्हे, किरणांनी चेतवलेले औषध आहे, आणि मात्रा चुकली तर त्वचा भाजते. घरच्या घरी बावचीचे तेल चोळून उन्हात बसलेल्यांना फोड येतात ते यामुळे. कोड असलेल्या त्वचेला इजा झाली तर त्या जागी नवा डाग उठू शकतो. त्यामुळे हा उद्योग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

आहाराकडे परत येऊ. राजस्थानात सुमारे ७५ आणि गुजरातेत सुमारे ६१ टक्के लोक शाकाहारी असल्याचे २०१४ च्या सरकारी पाहणीत आढळले. नेमक्या याच दोन राज्यांत कोडाचे प्रमाण जास्त असल्याची नोंद त्वचारोगाच्या ग्रंथांत वर्षानुवर्षे होत आली आहे. यावरून शाकाहाराने कोड होते असे म्हणणे पत्रकाइतकेच चुकीचे ठरेल. राज्याची सरासरी म्हणजे माणसाचे ताट नव्हे, आणि आनुवंशिकता, दवाखान्यात येण्याची सवय अशी इतर कारणे आहेतच. पण शाकाहार ही कोडाविरुद्धची ढाल आहे असे म्हणणाऱ्याला या नोंदीचे उत्तर द्यावे लागेल.

मला काळजी वाटली ती ब-१२ ची. ते वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. शाकाहारी घरात ते येते दूध-दह्यातून, आणि तेच या मुलीचे बंद केलेले आहे. त्यातून कोड असलेल्यांमध्ये थायरॉइडचे विकार आणि ब-१२ शोषले न जाण्याचा पंडुरोग इतरांपेक्षा जास्त आढळतात. ज्यांच्यात हे जीवनसत्त्व आधीच कमी पडण्याचा धोका आहे, त्यांचाच पुरवठा तोडायचा, असे हे पथ्य आहे. तत्त्व म्हणून प्राणिजन्य अन्न सोडणाऱ्यांनी ते खुशाल सोडावे. ब-१२ ची गोळी घेतली आणि डाळी-कडधान्यांचा मेळ साधला तर प्रकृती उत्तम राहते. पण तेरा वर्षांच्या मुलीला रंग परतण्याच्या आशेवर उपाशी ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

बाईंना मी पत्र लिहिले. त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे, रक्तातले ब-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे, कोड संसर्गाने पसरत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही हे वर्गात एकदा स्पष्ट सांगावे, आणि डबा सगळ्यांबरोबर खाऊ द्यावा. पालेभाज्या, हरभरे चालू ठेवायला हरकत नाही, असेही लिहिले. ते अन्न चांगलेच आहे, फक्त ते कोडाचे औषध नाही.

महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. ब-१२ कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या आहेत. वडिलांनी दूध-दह्याला परवानगी दिली, लिंबाला अजून दिलेली नाही. तांब्याचा तांब्या घरात आहे तिथेच आहे. डॉक्टरांनी लावायला मलम दिले असून बोटांच्या टोकांची फार आशा धरू नका असे स्पष्ट सांगितले आहे. मुलगी मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणींबरोबर बसते, आणि त्यांतल्या एकीच्या डब्यातले लिंबाचे लोणचे ती खाते, हे बाईंनी वडिलांना सांगितलेले नाही.