कर्ता नसलेली पाटी

हायवेवरून जाताना ‘हिस्टॉरिकल मार्कर’ची खूण दिसली, की तुम्ही गाडी थांबवता का? आमच्या गाडीत यावर दोन तट आहेत. मी थांबणाऱ्यांतली. बहुतेक पाट्या निरुपद्रवी असतात. इथे पहिली शाळा, तिथे जुनी गिरणी, पलीकडे कुणा सेनापतीचा मुक्काम. दोन मिनिटांत वाचून होतं, फोटो निघतो, आपण पुढे जातो. पण पाटी हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही. पाटीवर लेखकाचं नाव नसतं, सरकारी शिक्का असतो, म्हणून आपण तिच्याशी वाद घालत नाही.

आज एकाच पाटीबद्दल. लुईझियानात रेड नदीकाठी कोलफॅक्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९५० साली राज्य सरकारने लावलेली पाटी २०२१ मध्ये काढली गेली. मी ती फोटोतच पाहिली आहे. मजकूर दोन वाक्यांचा, साधारण असा: या जागी कोलफॅक्सची दंगल झाली, तीत तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, १३ एप्रिल १८७३ च्या या घटनेने दक्षिणेतल्या ‘कार्पेटबॅग’ कुशासनाचा शेवट झाला.

आधी काय घडलं ते पाहू. १८७२ च्या निवडणुकीच्या निकालावरून लुईझियानात वाद पेटला होता. कोलफॅक्सचं कोर्ट विरोधक बळकावतील या भीतीने कृष्णवर्णीय माणसं तिथे जमली. ईस्टरच्या रविवारी सशस्त्र गोऱ्यांनी तोफ आणून हल्ला केला आणि कोर्टाला आग लावली. शरण आलेल्यांना गोळ्या घातल्या, कैद्यांना रात्री मारलं. मृतांचे अंदाज ६० पासून १५० पर्यंत जातात.

म्हणजे पाटीने आकडा लपवलेला नाही, उलट सर्वांत मोठा निवडला आहे. लबाडी आहे ती वाक्यरचनेत. शाळेत ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न सगळ्यांनी सोडवला असेल. ‘मारले गेले.’ कुणी मारले? वाक्यात कर्ताच नाही. मी संशोधनातली, त्यामुळे ही युक्ती ओळखीची आहे. ‘नमुने गोळा करण्यात आले’ असं आम्ही रोज लिहितो. माणूस गायब झाला की वाक्य वस्तुनिष्ठ वाटू लागतं. ‘दंगल’ हा शब्दही तेच काम करतो. दंगलीत दोन बाजू असतात, शरण आलेल्यांना मारण्यात एकच. १८५७ ला ‘बंड’ म्हणायचं की ‘स्वातंत्र्यसमर’ यावरून आपण किती भांडलो आहोत, तेव्हा एका शब्दाचं वजन मराठी वाचकाला सांगायला नको.

दुसऱ्या वाक्यात पाटीचा आवाज बदलतो आणि चक्क समाधानाचा सूर लागतो. ‘कार्पेटबॅगर’ म्हणजे यादवी युद्धानंतर गालिच्याच्या कापडाच्या पिशव्या घेऊन उत्तरेतून आलेले उपरे, अशी ती शिवी होती. कोर्टात मेलेले मात्र तिथलेच शेतकरी आणि शेतमजूर होते. शिवाय लुईझियानातलं रिपब्लिकन सरकार संपलं १८७७ मध्ये, म्हणजे इतिहास म्हणूनही वाक्य चुकीचं. गंमत अशी, की गावाला नाव आहे ते ग्रँटच्या रिपब्लिकन उपाध्यक्षाचं, स्कायलर कोलफॅक्सचं.

पण हे सगळं तुम्हाला आणि मला कशाला हवं? त्याचं कारण कायद्यात आहे. या हत्याकांडात तिघांना दोषी ठरवलं गेलं. १८७६ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोही निर्णय रद्द केला. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही, असं न्यायालय म्हणालं. ही तीच चौदावी दुरुस्ती, जिच्या जोरावर इथे जन्मलेली आपली मुलं जन्मतःच नागरिक ठरतात. आपण दोन बॅगा घेऊन आलो तेव्हा हे हक्क तयार होते. ते ज्यांच्यासाठी लिहिले गेले, त्यांना ते मिळू नयेत म्हणून कोलफॅक्समध्ये माणसं मारली गेली.

पाहा, मीही कर्ता गाळलाच! गोऱ्या वर्चस्वासाठी लढणाऱ्यांनी मारली. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. गावच्या स्मशानभूमीतला १९२१ चा स्तंभ तिन्ही मृत गोऱ्यांबद्दल अभिमानाने हेच सांगतो. तो स्तंभ क्रूर आहे, पण निदान कर्ता लपवत नाही. सभ्य भाषेतली पाटी मला त्याहून धोक्याची वाटते, कारण ती वाचून मान डोलवत गाडीत बसता येतं.

१३ एप्रिल २०२३ ला, दीडशे वर्षांनी, मारणाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या वंशजांनी मिळून तिथे काळ्या ग्रॅनाइटचं नवं स्मारक उभं केलं. त्यावर कृष्णवर्णीय मृतांची नावं आहेत. जुनी पाटी काढली ते योग्यच झालं, पण तिचा मजकूर विसरू नये असं मला वाटतं. सरकारी शिक्क्याखाली काय काय लिहिलं जाऊ शकतं, याचा तो धडा आहे.

पुढच्या वेळी पाटीपाशी थांबलात, तर मुलांना ती मोठ्याने वाचायला सांगा. आणि प्रत्येक क्रियापदापाशी विचारा: कुणी?