'बलुतं'मधला ऐकणारा

दया पवारांच्या 'बलुतं'चा (१९७८) प्रस्थापित समीक्षेने 'अस्सल सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरव केला. आपल्यातल्या काही पांढरपेशा मंडळींनी मात्र 'जुनी घाण कशाला उपसायची?' म्हणत नाक मुरडले. या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. पण 'बलुतं' ही विचारपूर्वक रचलेली कलाकृती आहे, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

पवार मुळात कवी. 'कोंडवाडा' (१९७४) हा त्यांचा कवितासंग्रह 'बलुतं'च्या आधीचा. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरे डांबण्याची जागा. धनी दंड भरील तेव्हा सुटका. एका शब्दात अख्खी गावव्यवस्था उभी करणारा हा कवी गद्यातही जागा आहे. 'बलुतं'मध्ये सांगतो दगडू मारुती पवार आणि ऐकतो दया पवार. माणूस एकच. पण धामणगावच्या महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला दगडू वेगळा आणि शिकलेला, नोकरी करणारा, लेखक म्हणून नावाजलेला दया पवार वेगळा. आठवणींची पोतडी दगडूजवळ आहे. ज्याला शिक्षणाने वर काढले त्याने आधी खाली बसून ऐकावे, असा या रचनेचा निवाडा आहे.

मराठी कवितेत गावाची ओढ पुष्कळ गायली गेली. देशोधडीला लागलेल्या माणसाला निदान आठवायला तरी गाव असते. गावकुसाबाहेर जन्मलेला माणूस गावात राहूनच हद्दपार असतो. दगडू मुंबईला येतो तो एका 'बाहेर'मधून दुसऱ्या 'बाहेर'मध्ये. तरीही त्याच्या आठवणीत तमाशा आहे, आयाबायांची माया आहे. ज्या जागेने अपमान केला तिच्यातच जीव गुंतलेला असणे, हे दुःख कोणत्या दस्तऐवजात मावेल?

मराठवाड्यातल्या वाचकाला १९७८ हे साल आणखी एका कारणाने विसरता येत नाही. २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या; लोकांना गावे सोडावी लागली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ज्यांनी ते पाहिले त्यांना 'घाण उपसू नका' हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मी जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. स्थलांतर म्हणजे काय हे या मुलांना पुस्तकातून कळायची गरज नाही. जगलेले कोणी सांगायचे आणि कोणी ऐकायचे, हे 'बलुतं' त्यांना शिकवू शकते.

मात्र एक मर्यादा नोंदवलीच पाहिजे. संशयापायी बायकोला सोडल्याचे दगडू लपवत नाही, हे त्याचे धैर्य. पण ती भेटते ती त्याच्याच आठवणीत. तिचे म्हणणे ऐकायला येथे कोणी बसलेले नाही. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) म्हणूनच 'बलुतं'शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकजण आज प्राध्यापक, अधिकारी, कार्यकर्ते आहेत. व्यासपीठावर बोलायची आपल्याला सवय झाली आहे. दगडू अजून सांगतो आहे, त्याची बायकोही. त्यांच्यासमोर बसायला आपल्याला सवड आहे का?